गोणपाटावरचा माणूस

गाडीखाली शिरण्याआधी मिस्त्री गोणपाटाची चौघडी जमिनीवर पसरत आणि चपला बाहेर काढून ठेवत. मग उताणे होऊन आत सरकत आणि छोट्या हातोडीने गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, वीतभर अंतराने टकटक करत. बाहेर फक्त त्यांचे अनवाणी पाय दिसत. आतून आवाज येई, "लोखंड खोटं बोलत न्हाई."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या पारनेरकडे जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांना गाठत असे. त्यांची एक रीत होती. गाडी पसंत पडली, तर पुढच्या चाकाशी नारळ ते स्वतः फोडत. नापसंत असेल, तर मालकासमोर अवाक्षर न काढता हात पुसत म्हणत, "चला, बस गाठू."

माझी रोपवाटिका आहे. रोपांचे ट्रे पोचवायला आणि वर्षातून दोनदा आईला कोपरगावला मावशीकडे न्यायला मला एक जुनी पिकअप हवी होती. तीन गाड्या पाहिल्या आणि तिन्ही वेळा आम्ही बसने परतलो.

"मिस्त्री, तुम्हाला गाडी पसंत पडायची कधी?" मी चिडवले.

"भाऊसाहेब, आईला बसवायचीय ना? मग घाई न्हाई."

चौथी गाडी त्यांच्या व्याह्यांची होती. रंग चकचकीत, टायर नवे. त्या दिवशी मिस्त्री गाडीखाली बराच वेळ होते. हातोडी एका जागी थांबली, पुन्हा तिथेच वाजली, मग गप्प झाली. बाहेर आल्यावर त्यांनी हात पुसले. पण "बस गाठू" म्हणाले नाहीत. व्याह्यांनी आणलेला नारळ त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुमी फोडा, भाऊसाहेब. गाडी तुमची हाय."

मला तो मान वाटला. मी नारळ फोडला.

दीड महिन्याने मी आईला घेऊन कोपरगावला निघालो. मागे झेंडूच्या रोपांचे ट्रे होते. एका गतिरोधकावर मागून कडाडकन आवाज झाला आणि गाडी कमरेतून वाकल्यासारखी खाली बसली. आईचे कपाळ समोर आपटले. जखम मोठी नव्हती. पण ओला रुमाल कपाळाला लावून ती दोन तास रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसली होती, हे मला विसरता येत नाही.

तिथला गॅरेजवाला म्हणाला, "चासी आधीच तुटलेली हुती, वेल्डिंग करून वर काळा रंग मारलाय. कुनाला दाखवली न्हवती व्हय?"



दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींच्या शेडवर गेलो.

"तुम्हाला वेल्डिंग दिसलं नव्हतं?"

"दिसलं हुतं."

"मग?"

"लेक त्यांच्या घरात नांदती, भाऊसाहेब."

"आणि लोखंड खोटं बोलत नाही म्हणता!"

"लोखंड बोललं. मीच न्हाई बोललो. जामखेडच्या मास्तरांच्या येळंलाबी न्हाई बोललो."

मी खाली पाहिले. तीन वर्षांपूर्वी मी माझा जुना टेम्पो जामखेडच्या एका शिक्षकांना विकला होता. त्याची चासीही तडकलेली होती. "आज फक्त गप्प राहा," अशी विनवणी मी मिस्त्रींना केली होती. "मिस्त्रींनी बघितलाय ना?" असे शिक्षकांनी विचारले तेव्हा "बघितलाय" असे मी म्हणालो, आणि त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. त्या दिवशीही मिस्त्रींनी नारळ माझ्याच हातात दिला होता. का दिला, हे तेव्हा मला नेमके कळले होते. स्वतःच्या वेळी मात्र तोच नारळ मला मान वाटला.

हे सारे समजूनही माझा राग उतरला नाही. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबलो, त्यानेच आईला त्या गाडीत बसू दिले, एवढेच मनात घोळत राहिले. बाजारात, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला मी मिस्त्रींच्या व्याह्यांची गोष्ट सांगितली. टेम्पोची सांगितली नाही.

हळूहळू लोकांनी त्यांना बोलावणे सोडले. त्यांनी एका शब्दाने माझे नाव घेतले नाही. गेल्या हिवाळ्यात ते वारले. शेडच्या खुंटीवर गोणपाटाची चौघडी तशीच टांगलेली होती. त्यांच्या पत्नीला विचारून मी ती घरी आणली.

परवा पिकअप बघायला एक गृहस्थ आले. दुरुस्तीनंतर ती बरी चालते. त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारले, "कुनाला दाखवली का ही?"

मी गोणपाट पसरले, चपला काढल्या आणि गाडीखाली सरकलो. हातोडीने ठोकत गेलो. खणखणीत, खणखणीत, आणि मग एका जागी बद्द.

"इथं वाकून ऐका," मी आतून म्हणालो. "इथं चासी तुटली होती."

ते वाकले. त्यांनी ऐकले. "बरं केलं सांगितलं," असे म्हणून ते बसथांब्याकडे निघून गेले.

जामखेडला मी अजून गेलेलो नाही. त्या दिवशी सकाळी आणलेला नारळ पिकअपच्या काचेमागे तसाच आहे. तो फोडायला माझा हात धजत नाही.