शीलाच्या स्वतःच्या पेशी

बोरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या धम्मशीलाला रक्ताचा कॅन्सर झाला. किमो घेऊन ती बरी झाली, पुन्हा वर्गात उभी राहिली, आणि वर्षभरात आजार उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपचार सांगितला. तिच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत तिच्याच अंगात सोडायच्या.

नवरा नागेश लहान मुलीजवळ थांबला. सोबत गेली सासू, रुख्मिणी. परभणीच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती.

पेशी काढताना एका हातातून रक्त मशीनमध्ये जात होतं, दुसऱ्या हातातून परत येत होतं. रुख्मिणी नळीकडं टक लावून बसली.

“दुसऱ्या कुणाचं न्हाई ना देत हिला?” तिनं नर्सला विचारलं.

“नाही आजी, त्यांचंच.”

“मग बरं. तिचं रक्त लय चिवट हाय.”

काही आठवड्यांनी पेशी आल्या, गोठवलेल्या, लहानशा पिशवीत. चहा निवेपर्यंत चढवूनही झाल्या.

“एवढंच?” रुख्मिणी म्हणाली.

एवढंच नव्हतं. ताप चढला. मेंदूवर परिणाम होतोय का ते बघायला डॉक्टर रोज शीलाला एक वाक्य लिहायला लावत. एका सकाळी पेन नुसतंच कागदावर घसरलं. तिनं सासूकडं पाहिलं.

“तुम्ही कोण?”

रुख्मिणीनं घसरलेलं पेन बाजूला ठेवलं. आवाज हलू न देता ती म्हणाली, “मी रुख्मिणी. आपण एका घरात ऱ्हातो, बाई.”

असं होऊ शकतं, म्हणत डॉक्टरांनी औषधं सुरू केली. रुख्मिणी तिचे तळपाय चोळत बोलत राहिली. शेळी व्यालीय, कापसाला बोंडं धरलीत, पोरगी बापाच्या हातची भाकर खायला तयार न्हाई.

हळूहळू ताप उतरला. शीलानं स्वतःच पेन मागितलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. रुख्मिणीला वाचता येत नव्हतं. नर्सनं वाचून दाखवलं, ‘आत्याबाई जेवल्या नाहीत.’

रुख्मिणी तोंडाला पदर लावून रडली.

पुढच्या तपासणीत कॅन्सर दिसला नाही. “तपासायला मात्र येत राहा,” डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत रुख्मिणीनं विचारलं, “त्या पेशी आता कुठं हायत गं?”

“माझ्याच अंगात. हिंडत असतील.”

“मग नीट खात जा. त्यांना बी लागल.”

शीला कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

उन्हाळ्यानंतर ती शाळेत गेली. आधी अर्धाच दिवस, तोही खुर्चीवर बसून.