टायरात फणसाचा चीक

माझ्या सायकलीला ट्यूब नव्हती म्हटलं की लोक आजही मला वेड्यात काढतात. काढा बापडे!

दोन हजार सालची गोष्ट. मी लोट्याला एका कारखान्यात टेंपररी होतो. घरापासून हायवेचा नाका पाच किलोमीटर, तिथून सकाळी सहाला कंपनीची बस. पावसाळा सरला की आमच्या गावात जो तो परसाला वई घालतो, म्हणजे काटेरी फांद्यांचं कुंपण. फांद्या रस्त्यावरून फरफटत न्यायच्या आणि काटे आमच्यासाठी ठेवायचे! दोनदा पंक्चर झाली, दोनदा बस चुकली. सुपरवायझर म्हणाला, "तिसऱ्यांदा चुकली तर येऊच नकोस." घरात बायको सात महिन्यांची पोटुशी. मी उठल्यासुटल्या गावाला शिव्या घालायचो.

शेजारचे चाचा आखातात टायरच्या गॅरेजात आयुष्य काढून परतलेले. ते म्हणाले, "शिव्या देऊन काटे कमी होतात काय रे? ट्यूबच काढून टाकू."

मला वाटलं, चाचांना ऊन बाधलं. पण त्यांनी लहान पोरांच्या सायकलची ट्यूब उभी चिरली, रिमवर पट्टीसारखी ताणून पसरली आणि वर माझाच जुना टायर चढवला, म्हणजे हवा थेट टायरातच राहणार. आत आखातातून आणलेल्या बाटलीतलं दुधासारखं औषध ओतलं, कडेला साबणाचं पाणी लावलं. हातपंपाने काही होईना, म्हणून चाकं नाक्यावर ट्रकवाल्यांच्या कंप्रेसरला नेली. हवा भसकन शिरली, टायर फाडकन रिमला बसला आणि चाचांच्या दाढीवर पांढरे शिंतोडे उडाले. मी हसलो, ते माझ्यापेक्षा जास्त हसले.

काटा घुसला की औषध त्या भोकात जाऊन घट्ट व्हायचं. तीन महिने मी बस चुकवली नाही.

मग औषध सुकलं. पुन्हा मागायला जीभ रेटेना, भारी मानी ना मी! म्हटलं, ते दूध तर हेही दूधच. परसातल्या फणसाला कोयता मारला, चीक धरला, पाणी घालून पिचकारीने हवा भरायच्या वॉलमधून आत सोडला. कोकणात जन्मून फणसाचा चीक मला ठाऊक नव्हता? होता. पण अक्कल चरायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर येतो तोच चाक धप धप उडायला लागलं. चिकाचा गोळा झालेला, वॉल चोंदलेला, हवा खलास. साडेपाच वाजले होते. मी सायकल रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर आपटली आणि खरंच रडकुंडीला आलो.

तेवढ्यात पहाटेच्या नमाजाला मशिदीत निघालेले चाचा सायकलवरून आले. उतरले, सायकल माझ्या हातात दिली. "पळ!" आभारसुद्धा न मानता मी पळालो. बस मिळाली.

संध्याकाळी येऊन बघतो तर चाचा अंगणात माझं चाक खोलून, खोबरेल लावून चीक खरवडत बसलेले. हात कोपरापर्यंत चिकट. म्हणाले, "फणस कापताना हाताला तेल लावतोस, मेल्या, टायराला नाय लावलंस?"

चहा देताना चाची बोलून गेल्या. दर शुक्रवारी सकाळी आठला त्यांचा लेक आखातातून नाक्यावरच्या बूथवर फोन करायचा. तो दिवस शुक्रवारचाच होता. चाचांचे गुडघे गेलेले, सायकलशिवाय नाका गाठणं अशक्य.

"अहो, मला सांगायचंत तरी!" मी ओरडलोच. ओरडताना डोळे भरून आले, तेव्हा तोंड फिरवलं.

"सांगितलं असतं तर तू सायकल घेतली असतीस?" चाचा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी माझी दुपारची पाळी होती. चाचांना कॅरियरवर बसवून मीच नाक्यावर नेलं. आठला फोन वाजला. मी बाजूलाच उभा होतो. पलीकडून लेकाने काहीतरी विचारलं, आणि चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या शुक्रवारी? काय नाय रे, जरा डोळा लागला."