चाँद मिस्त्रीची सही

सिरसाळ्याचा चाँद मिस्त्री तोंडाचा फटकळ होता, हे आधीच सांगून टाकतो. निजामाचं राज्य होतं आणि आमच्या बीड जिल्ह्यात विजेचा दिवा बघायला माणसं गाडी जुंपून जात. चाँद आधी इंजिनं दुरुस्त करायचा. वीजजोडणीची सनद मिळवायला तो हैदराबादेत तीन वर्षं राहिला, परीक्षेत दोनदा आपटला, पण हात हलवत परत आला नाही. त्या सनदेवर त्याची बायको इमामबी आणि चार लेकरं जेवत होती.

त्या साली दसऱ्याला जिल्ह्याचे मोठे अंमलदार, तालुकदारसाहेब, गावच्या सुंदरराव देशमुखांकडं जेवायला यायचे होते. सुंदररावांनी थाटात तेलाचं इंजिन आणि डायनामो आणला. जोडणी मात्र चाँदला दिली नाही. तो तारा लाकडी पट्टीत, हात पोचणार नाही इतक्या उंच न्यायचा, आणि ते त्यांना ओंगळ वाटायचं. एका बिनसनदी माणसानं तारा मातीच्या भिंतीत दाबून वरून लिंपून दिल्या. भिंत कशी गुळगुळीत! सणाच्या तोंडावर आमच्याकडं बायका घराच्या भिंती ओल्या शेणामातीनं सारवतात, हे त्या दोन शहाण्यांना आठवलं नाही.

पण सनदवाल्या मिस्त्रीच्या सहीशिवाय घरात दिवे लावायची परवानगी नव्हती. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाँदला बोलावणं गेलं. भर दुपारी इंजिन धडधडत होतं आणि दिवे झगमगत होते. सुंदररावांची बायको मुक्ताबाई शेणामातीचं घमेलं घेऊन नुकतीच सारवायला आली होती.

"तारा कुटं हायेत?" चाँदनं विचारलं.

"भिंतीत."

"मग सही न्हाई."

"कावून न्हाई बे? दिवे दिसंना झालेत का तुला?"

"दिवे दिसत्यात, मालक. वैनी वल्या हातानं ही भिंत सारवणार, ते तुमाला दिसंना."

सुंदरराव भडकले. "उद्या साहेबांना सांगून तुझी सनदच काढून घेतो!"

चाँदनं पिशवीतून सनद काढली आणि बाजेवर ठेवली. "घ्या. पर खोटी सही मी करनार न्हाई. तुमी सोता ह्या भिंतीला वला हात लावा, मी उब्या उब्या सही करतो."

सुंदरराव जागचे हलले नाहीत. मुक्ताबाई वैतागली. "एवढ्यासाठी कावून भांडायलेत? मी दर सणाला लावते की," म्हणत तिनं शेणामातीच्या काल्यानं भरलेला हात भिंतीकडं नेला.

"हात लावू नको!" सुंदरराव किंचाळले.

सकाळी रामकिसन गड्याचा घामेजला खांदा त्या भिंतीला लागला होता आणि तो हातभर लांब फेकला गेला होता. सुंदररावांनी ते पाहिलं होतं आणि गिळलं होतं. मला अजूनही त्या माणसाची चीड येते.

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमाला ठावं होतं?"

ती चाँदकडं वळली. "इंजिन बंद करा, चाँदभाई. आन् भिंत फोडा."

तालुकदारसाहेब कंदिलाच्या उजेडात जेवून गेले. चाँदची सनद त्याच्याजवळच राहिली. पुढचे आठ दिवस खपून त्यानं सगळ्या तारा पट्टीत, उंचावर नेल्या. फोडलेल्या भिंती पुन्हा लिंपून झाल्या, तरी त्यानं सही केली नाही. आधी मुक्ताबाईला बोलावून सगळ्या घराची वीज तोडणारा मोठा खटका दाखवला. "सारवायच्या आदी हे खाली वढायचं. दुसऱ्या कुनाला वढाया सांगायचं न्हाई, तुमी सोताच वढायचं."

तिनं खटका खाली ओढला. दिवे गेले.

"आता लावा हात," चाँद म्हणाला.

मुक्ताबाईनं काल्याचं घमेलं उचललं आणि नवऱ्यापुढं ठेवलं.

"आदी तुमी."

सुंदररावांनी धोतर सावरलं, काल्यात हात बुडवला आणि डोळे मिटून भिंतीला टेकवला.