कुमुदची उडती नणंद

आपट्याला पाताळगंगेच्या काठाने भाजीचे मळे आहेत. सकाळचं ऊन नदीवरून हळूहळू मळ्यात उतरतं, आणि त्या उन्हातून एक यंत्र गुणगुणत जातं. बांधावर डोक्याला रुमाल बांधून, पाय रोवून, दोन्ही हातांत रिमोट धरून एक बाई उभी असते. तीच कुमुद. वय अडतीस, उंची बेताची, नजर मात्र आभाळाला लागलेली.

तिचा नवरा बाळू जासईला ट्रेलर चालवतो. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा चालवणार कोण, या प्रश्नाला अकरा बाया जमिनीकडे बघत राहिल्या. बाराव्या बाईने, कुमुदने, हात वर केला. मग ती घर सोडून प्रशिक्षणाला राहिली, परीक्षेला बसली आणि पायलटचा परवाना घेऊन परत आली. तो परवाना ती देवघरात ठेवते, कुंकवाच्या करंड्याखाली.

गटातल्या बाया ड्रोनला नणंद म्हणतात. टेम्पोतून मिरवत येते, आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावते, जरा दुर्लक्ष झालं की किंचाळते. "नणंदबाईंना उनात ठेवू नको गो, कोपतील," म्हणत एखादी तिच्यावर पदर धरते.

कुमुदच्या फोनमध्ये एक नकाशा आहे. हिरव्या भागात नियम पाळून उडवता येतं, पिवळ्यात आधी विचारावं लागतं, लाल भागात थेट सरकारची परवानगी लागते. आपट्याचे मळे हिरव्यात आहेत. तिचं माहेर मात्र भडक लाल. पनवेलच्या विमानतळासाठी जी गावं उठली, त्यांतलं ते एक. गाव उठलं तेव्हा देवीही उठली आणि नव्या प्लॉटवर, नव्या देवळात जाऊन बसली. माणसांनी तीन मजली घरं बांधली. कुमुदच्या बापाचं भाताचं शेत जिथं होतं, तिथून आता विमानं उडतात.

चैत्रात देवीची पालखी निघते. विमानं सुरू झाल्यानंतरची ही पहिली पालखी. चार दिवस आधी बाळूचा फोन आला. मागे ट्रेलरचा आवाज होता.

"अगो, तू माहेरच्या नाक्यावर लागलीस!"

"मी घरात हाय. काय बोलता?"

"फोटो लागलाय तुझा. रिमोट घेऊन. खाली लिवलंय, गावच्या लेकीच्या हस्ते पालखीवर आकाशातून पुष्पवृष्टी."

हे काम महादेवकाकांचं. कुमुदचे चुलते, उत्सव समितीचे प्रमुख. भाचरांत, पुतण्यांत कुणी नाव काढलं की त्यांची छाती फुगते. त्यांनी विचारलं कुणालाच नव्हतं. आपल्या लेकीला काय विचारायचं?

कुमुदला निनाद आठवला. तिच्याबरोबर प्रशिक्षणाला होता, नवीन पनवेलचा, लग्नाचे फोटो काढणारा. विमानतळाजवळच्या एका हळदीत त्याने पाच मिनिटं ड्रोन वर नेला. गुन्हा दाखल झाला, ड्रोन पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा झाला, परवाना अडकला. आता तो नवऱ्या-नवरीचे फोटो सोडून कोर्टाच्या तारखा सांभाळतो. त्याचं यंत्र निदान त्याचं एकट्याचं होतं. नणंद बारा जणींची. ती पोलीस ठाण्यात जाऊन बसली, तर अकरा बायांना काय तोंड दाखवायचं? आणि देवघरातला तो परवाना गेला, तर बांधावर पुन्हा उभं राहणार कोण?

पालखीच्या आदल्या दिवशी ती माहेरी गेली. खाली पार्किंगमध्ये समितीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. तिची आई गोदू बाजूला भिजवलेले वाल सोलत होती.

"काका, माझ्याच्यानं जमणार नाय. हितं सगळं लाल हाय. उडवला तर गुन्हा दाखल होतो."

"कुणाचं लाल?" काका ताडकन म्हणाले. "जमीन आमी दिली. आता आभाळ पण त्यांचंच काय?"

बापाचं शेत कुमुदच्या डोळ्यांपुढे आलं, बांधावरच्या आंब्यासकट.

"वर विमानं हायत काका. त्यात माणसं बसलेली असतात."

"पाच मिनटांचं काम. फुलं टाकली की खाली. फुलांचा गुन्हा कोण लिवतो?"

"फुलांचा नाय, उडवण्याचा. पोलिसांचा मनाई हुकूमपण निघालाय. आणि खाली एवढी गर्दी. पातं लागून एखाद्या पोराचं डोकं फुटलं, तर मला आत टाकतील आणि बरोबरच टाकतील."

काका मान फिरवून म्हणाले, "सासरची झालीस तू."

कुमुदचे डोळे भरून आले. कायदा ती समजावू शकत होती, याला काय उत्तर देणार? तिने आईकडे पाहिलं. पण फ्लेक्स लागल्यापासून गोदू गल्लीभर सांगत फिरत होती, माझी पोर आभाळातून फुलं टाकणार. तिची साथ मिळेल असं कुमुदला वाटलं नव्हतं.

गोदूने सोललेल्या वालावर पाण्याचा हात फिरवला.

"कुमुद, त्या तुझ्या टाकीत काल काय भरलंस गो?"

"औषध. भेंडीवरच्या किडीचं."

"औषध म्हंजे इखच ना?"

"इखच, आये."

"आणि त्याच यंत्राला बांधून देवीची फुलं?"

सरकारला न भिणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी घसा साफ केला.

"वयनी, टाकी काढून ठेवू. बाकीचं साबणानं धुवू."

"भावजी, उंदराचं औषध ठेवलेला डबा घासून देते. त्यात दूध घेशाल?"

समितीतला एक जण फसकन हसला. काकांनी डोळे वटारले आणि ते गोदूकडे वळले.

"मंग फ्लेक्स लावलाय त्याचं काय? फुलं वरून कशी पडायची?"

"घरं तीन मजली बांधलीव ती कशाला?" गोदू म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर बाया झेंडूच्या टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या, त्यांत गोदू आणि कुमुदही. ढोल जवळ येत होता. तेवढ्यात खालून हाक आली, "कुमुदताई कोण?"

दारात दोन पोलीस. पुढे एक तरुण पोलीसबाई, छातीवर नाव रुचिरा. मागे महादेवकाका, चेहरा चुन्यासारखा. कुमुद जिना उतरून पुढे आली.

"ड्रोन कुठंय?"

"आपट्याला. गोठ्यात."

"बघायला मिळेल?"

त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी थांबलेल्या बाळूला कुमुदने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी वासराचं नाक आलं, मग बाळूचं. "ही बघा, नणंद हितंच हाय!" त्याने फोन फिरवला. गोणपाटाखाली सहा पाय पोटाशी घेऊन यंत्र गप्प झोपलं होतं.

"नणंद?" रुचिरा हसू दाबत म्हणाली. "आमच्या साहेबांनी तुमचा फ्लेक्स हायवेवरून वाचला, ताई. सकाळपासून नाक्यावरच्या गच्चीवर आहोत आम्ही. उडाला असता तर दुसरा पुरावा शोधायलाच नको होता. नाव, गाव, फोटो, सगळं तुमच्याच माणसांनी लावून ठेवलंय."

तिने परवाना मागितला, कुमुदने निघताना देवघरातून पिशवीत टाकलेला तो काढून दिल्यावर त्याचा फोटो घेतला आणि तो कुमुदच्या हातात परत ठेवला. त्या छोट्या कार्डाला इतकं वजन असतं, हे कुमुदला त्या क्षणी कळलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. चार दिवसांनी पहिल्यांदा तिला हसू आलं.

"मॅडम," काकांना आता कंठ फुटला, "तो देवीला चालतच नाय. टाकीत इख असते. आमीच नको म्हणालो."

वरून टोपली सावरत गोदूने काकांच्या डोक्यावर एक झेंडू सोडला.

पालखी गल्लीत शिरली. दोन्हीकडच्या गच्च्यांवरून झेंडू, शेवंती, पाकळ्या उतरल्या. देवीवर, ढोलावर, पोरांच्या उघड्या डोक्यांवर, पोलीसबाईच्या टोपीवर. त्याच वेळी एक विमान गावावरून गेलं. माणसांनी वर बघितलं. शेतं दिलेली माणसं ती, बघताना त्यांच्या मनात काय आलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुन्हा गच्चीवर आलेल्या कुमुदने ओंजळ भरली आणि बापाच्या शेताच्या दिशेने एक जास्तीची उधळली.

आठवड्याने आपट्याला एक गुंडाळी पोचली. महादेवकाकांनी पाठवलेली. आत नाक्यावरचा फ्लेक्स होता. फोन लावला तर म्हणाले, "फेकून देववेना. चांगला जाड हाय. पावसात नणंदेवर घाल."

आता गोठ्यात वासराशेजारी नणंद झोपते, अंगावर कुमुदचा भला मोठा फोटो घेऊन. सकाळी कुमुद आधी फोनवरचा नकाशा बघते. हिरवं दिसलं की आपलाच चेहरा दोन हातांनी बाजूला सारते आणि बाळूला म्हणते, "अवो, टेम्पो काढा. बाई जाग्या झाल्या."