म्हातारीच्या वडिलांचं मधलं नाव

माझ्या शेजारणीला मी मनातल्या मनात म्हातारी म्हणते. तोंडावर म्हणत नाही, कारण ती स्वतःला म्हातारी कोंबडी म्हणते आणि तो हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवलाय. गुंगालिन या उपनगरात आम्ही नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ मी स्टीलच्या उलथन्याने खरवडत होते. ही बाई ड्रेसिंग गाऊनवर धावत आली, "अगं, काच फोडशील!" म्हणून ओरडली आणि तिचा प्लास्टिकचा खरवडा माझ्या हातात देऊन गेली. तेव्हापासून आमचं जमलं. माझी लेक तिला नॅन म्हणते.

गेल्या वर्षी तिने घर विकायचं ठरवलं. गुडघे गेले, नजर अधू झाली, लायसन्स गेलं. मुलगा पर्थला, तो म्हणाला इकडेच ये. देशाचं दुसरं टोक! ती तयारही होती, पण एका गोष्टीवर अडून बसली. वडिलांची आई कोण होती, हे तिला जायच्या आधी कळायला हवं होतं.

वडील तान्हे असताना अनाथाश्रमात आले. पुढे तिथेच कुणीतरी त्यांना सांगितलं की तुझ्या आईला तू नको होतास. कुणी सांगितलं, का सांगितलं, देव जाणे. मेल्याची जीभ कशी झडली नाही! ते एक वाक्य त्या माणसाने जन्मभर उरात बाळगलं. चांगला माणूस, सुतार, बायकोमुलांवर कधी आवाज चढवला नाही. पण मदर्स डेला पहाटेच उठून मासे धरायला निघून जायचा. "बाबांनी कधी शोधलं नाही. भीती वाटायची त्यांना," म्हातारी म्हणाली. "मला शोधायचंय. वाईट निघालं तरी चालेल."

आता हे तिने मला सांगावं म्हणजे बघा. माझं पोटच त्याच्यावर चालतं. मी डेटाची कॉन्ट्रॅक्टर. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या नावांनी झालेल्या नोंदी हुडकायच्या आणि जोडायच्या, हे माझं काम. म्हटलं, हात्तिच्या! तुझी आजीच ना? एका आर्व्होत, म्हणजे इथल्या भाषेत एका दुपारीत, काढून देते.

कप्पाळ! आयरिश-स्कॉटिश आडनावांशी तुमचा कधी संबंध आलाय का? येऊ नये. पुढे मॅक लावतील, काढतील, अर्धाच लिहितील. आयरिश असेल तर पुढचा 'ओ' बोटीत चढताना मागे ठेवतील, आणि दोन पिढ्यांनी एखाद्या नातवाला अभिमानाचं भरतं आलं की परत जोडतील. सांगणाऱ्याला लिहिता येत नाही, लिहिणाऱ्याला समजत नाही, आणि दोघांनाही घाई. म्हातारीचे वडील एकटे तीन आडनावांनी जगले. आश्रमात मॅकशिवाय, सैन्यात मॅकसकट, लग्नात तिसरंच काहीतरी. आपण मुळात आयरिश की स्कॉटिश हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिक्स डेला आपली हिरवा स्कार्फ घालायची, न जाणो म्हणून.

मला याचं फारसं नवल वाटलं नाही. माझ्या माहेरी एका आजोबांच्या नातवंडांत तीन आडनावं आहेत. एकाने गावाचं लावलं, एकाने हुद्द्याचं, आणि एकाला मुंबईत गेल्यावर दोन्ही जुनाट वाटली. म्हणून मी ठरवलं, आडनावाच्या नादी लागायचंच नाही. जे बदलत नाही ते धरायचं. आणि ते समोरच होतं की! वडिलांच्या तिन्ही आडनावांसोबत मधलं नाव मात्र तेच्या तेच. इथल्या शाळेत कुठल्याही वर्गात त्या नावाची दोन पोरं सापडतील, असं साधं पुरुषी नाव. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मी कुंपणावरून ओरडून सांगितलं, "तुझ्या आजोबांचं नाव मिळालं!" आता त्या नावाचा माणूस गाठायचा, की त्याची बायको म्हणजे हिची आजी.

अख्खा हिवाळा मी त्या माणसाच्या मागे होते. लाइट रेलमध्ये, लंचला, लेकीच्या स्विमिंग क्लासच्या बाकावर. त्या नावाचे मॅक काय कमी निघाले? एक खाटीक, एक पाद्री, एक चक्क मेंढीचोर. मेंढीचोरावर म्हातारी खूश. "हाच असू दे गं!" पण वडील ज्या गावात जन्मले म्हणून आश्रमाच्या कागदावर होतं, त्या गावाशी एकाचंही सूत जुळेना. नवरा म्हणाला, "सोड ना आता, सांग तिला नाही मिळत." मी अशी खेकसले की बिचारा न सांगता भांडी घासायला गेला. मला हरता येत नाही, हे खरंच आहे. पण नुसतं तेवढं नव्हतं. तिच्या घरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. रोज कुंपणापलीकडून ती विचारायची, "काही?" मी म्हणायचे, "अजून नाही." "नो वरीज, लव्ह," ती म्हणायची, आणि पुढचं खोकं भरायला वळायची.

शेवटी तीच म्हणाली, निदान ते गाव तरी दाखव मला. मी म्हटलं, तिथे काही नाही गं. तिथल्या दफनभूमीतली नावं मी तिन्ही आडनावांनी कॉम्प्युटरवर तपासलीत.

"मग कॉम्प्युटर घरी ठेव," ती म्हणाली.

शनिवारी डब्यात थालीपीठं आणि थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही दोघीच निघालो. गाव कसलं, एक बंद पडलेलं हॉटेल, एक चर्च आणि चिकार मेंढ्या. टेकाडावर दफनभूमी. वारा असा बोचरा की कान आहेत की गळून पडले ते कळेना. मी पुढे, झपाझप, पुरुषांची नावं तेवढी वाचत. म्हातारी मागून काठी टेकत, दिसत नाही म्हणून दर दगडाला नाक लावत.

"इकडे ये," तिने हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

तो दगड मी मघाशीच मागे टाकला होता, बाईचा म्हणून. वर त्या बाईचं नाव, आणि आडनावाच्या जागी म्हातारीच्या वडिलांचं मधलं नाव कोरलेलं. खाली बारीक अक्षरात, अमक्याची पत्नी. आणि त्या अमक्याचं आडनाव आपलंच, मॅकसकट.

मी म्हटलं, नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं दुसरंच?

"स्कॉटिश," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या आईच्या दगडावरही असंच आहे. त्यांच्यात बाईला माहेरच्या आडनावाने पुरायचे."

"आणि पोराच्या नावात मध्ये? बापाचं नाव नाही घालत?"

"बापाचं कशाला? बापाचं आडनाव असतंच ना. मध्ये पुष्कळदा आईचं माहेरचं आडनाव घालतात. इथल्या पोरांची निम्मी नावं मुळात आडनावंच."

"अगं बाई, मग हे मला आधी सांगायचं नाही का!"

"तू कुठे विचारलंस? तू म्हणालीस आजोबांचं नाव मिळालं. मला वाटलं कॉम्प्युटरने सांगितलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्या माणसाने आईचं नाव जन्मभर अंगावर वागवलं, दर सहीत लिहिलं, आणि त्याला पत्ता नाही. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं, ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहून. जुन्या नावाने तिला हाक मारणारं आज कुणी उरलेलं नाही. तिथे उभं राहून मला एकदम आईची आठवण आली आणि त्या अनोळखी स्कॉटिश बाईबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू.

म्हातारी अजून वाचत होती. ती तारखेवर बोट फिरवत होती. मी वाकून पाहिलं. बाई गेली ती म्हातारीच्या वडिलांच्या जन्माच्याच आठवड्यात. बाळंतपणातच गेली असणार, आणखी काय. वय अवघं बावीस.

नको होता म्हणे! टाकायला ती जिवंत होती कुठे?

म्हातारीचे गुडघे वाकत नाहीत. तरी माझ्या खांद्याला धरून ती हळूहळू खाली बसली, ओल्या गवतात. मला वाटलं रडेल. मी टिश्यू शोधायला लागले, तर माझंच नाक वाहत होतं. ती रडली नाही. आजीच्या दगडावर तळवा ठेवून साध्या आवाजात बोलायला लागली, समोर कुणी बसलंय असं.

"त्याला वाटायचं तुला तो नको होता," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तसंच वाटायचं. कुणी सांगितलंच नाही गं त्याला."

मग दगडावरचं शेवाळ बोटाने पुसलं.

"फार चांगला झाला हं तुझा मुलगा."