रंगनाथ मिस्त्रींनी बोटीचं इंजिन निवडलं, ते असं

दिंडोरीत रंगनाथ मिस्त्रींनी एकदा इंजिन सांगितलं की दुसऱ्या कुणाचं मत घेतलं जात नसे. फवारणीचा ब्लोअर ओढायला किती हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लागेल, विहिरीवर कोणता पंप बसवावा, हे लोक त्यांना विचारत आणि थेट खरेदीला जात. मिस्त्रींनीही एकतीस वर्षांत दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मार्चमधल्या एका शनिवारी गंगापूर रोडचा आल्हाद त्यांच्या गॅरेजवर आला. त्याच्या सासऱ्यांची द्राक्षबाग दिंडोरीजवळ, त्यामुळे ओळख जुनी. धरणाच्या फुगवट्यावर त्याने एक छोटा क्लब काढला होता. तिथे एक बोट होती. बोटीमागे दोर, दोराला माणूस, माणसाच्या पायांना फळी. वेकबोर्डिंग म्हणतात त्याला. बोटीच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता. चालत होतं, पण फार दिवस टिकणार नव्हतं. नव्यासाठी तीन पर्याय आले होते: होतं तसंच सव्वातीनशे हॉर्सपॉवरचं पेट्रोल, त्याहून मोठं साडेचारशेचं पेट्रोल, आणि बोटीत बसेल असं करून घेतलेलं एक जुनं सहा सिलिंडरचं डिझेल.

मिस्त्रींनी तिन्ही कागद एकदा वरून खाली पाहिले.

"वढायचं काम हाय ना? मग डिझेल. डोळे झाकून घ्या."

"नक्की ना मिस्त्री? सोमवारी दुपारी ऑर्डर टाकतोय. इंजिन एकदा निघालं की परत घेत नाहीत."

"मी सांगितलंय ना."

त्या रात्री जेवताना त्यांनी ही गोष्ट यशोदाबाईंना सांगितली. भाकरी वाढता वाढता बाईंनी विचारलं, "बोटीला मागं काय लावत्यात? ट्रॉली?"

"माणूस लावत्यात."

"माणूस? आन् त्याला वढून नेत्यात कुठं?"

"कुठं नाय. फिरवून परत तिथंच आणत्यात."

"मग वढायचं कशाला?"

मिस्त्री तोच प्रश्न घेऊन झोपले. रविवारी त्यांनी दोन पंप उघडले, एकही धड जोडला नाही. सोमवारी सकाळी मोटारसायकल काढून ते धरणावर गेले.

तिथे अपूर्वा नावाची इंदिरानगरची मुलगी बोट तयार करत होती. चोवीस वर्षांची, क्लबची शिक्षिका. ती बोटीच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रबरी पिशव्यांत पंपाने धरणाचं पाणी भरत होती. मिस्त्री काठावर उभे राहून बघत राहिले.

"पोरी, बोटीत पाणी भरतीस?"

"वजन लागतं काका. नऊशे लिटर. बोट जड झाली, खाली बसली की मागे लाट मोठी उठते. त्या लाटेवरून उडी मारायची."

मिस्त्रींना गंमत वाटली. आयुष्यभर त्यांनी गाडीवरचं वजन कमी करायचं बघितलं होतं. बुडू नये म्हणून लोक बोट हलकी ठेवतात आणि ही मुलगी मुद्दाम जड करत होती. मग बोट पळते किती? ताशी पस्तीस-अडतीस किलोमीटर. त्याहून जास्त? कधीच नाही, फळीवरचा माणूस फेकला जाईल. मग जोर लागतो कधी?

"सुरुवातीला," अपूर्वा म्हणाली. "माणूस पाण्यात पडलेला असतो. त्याला उठवायचं असतं."

"किती वेळात?"

"ते तुम्ही पाण्यात उतरलात की कळेल." ती हसली. तिला वाटलं, विषय संपला.

मिस्त्रींनी घड्याळ आणि मोबाइल काढून टोपीत ठेवले. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. अपूर्वाने एकदा आल्हादकडे पाहिलं. तो तेवढ्यात पोहोचला होता आणि तोंड उघडं ठेवून उभा होता.

"मिस्त्री, वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न. तुम्ही बोट चालवा."

त्यांना जाकीट घातलं, पाय फळीत अडकवले. पासष्ट फूट दोराच्या टोकाची दांडी हातात धरून ते पाण्यात उताणे झाले. बोट निघाली. मिस्त्री मनात मोजत होते, ट्रॅक्टर चढावर तपासताना मोजत तसं. एक, दोन, तीन. बोटीचं नाक वर आलं, पण ती पाण्यातून सुटेना. चार. पाणी छातीवर भिंतीसारखं आलं. पाचला हात सुटले.

दुसऱ्यांदा सहापर्यंत टिकले. तिसऱ्यांदा क्षणभर गुडघ्यावर आले, आणि त्याच क्षणी इंजिनाचा धूर नाकातोंडात गेला. पेट्रोलचा, तोही पातळ. तरी ठसका लागला.

ते पाण्यातच तरंगत थांबले. अपूर्वाने बोट वळवून जवळ आणली. "लागलं का काका?"

"नाय. थांब जरा."

जुन्या डिझेलला ओझ्याखाली एकदम दाबलं की आधी काळा लोट निघतो, मग जोर येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवर ते चालतं. चालवणारा पुढे असतो आणि मागे ट्रॉली. ट्रॉलीला नाक नसतं. इथे धुराडं पाण्यालगत, त्याच्या मागे माणसाचं तोंडही पाण्यालगत, आणि जोर यायला लागणारा प्रत्येक सेकंद त्याच्या खांद्यावर. शनिवारी कागद बघताना त्यांनी दोराचं मागचं टोक धरलंच नव्हतं.

काठावर आल्यावर त्यांनी सदरा पिळला. आल्हादच्या हातात फोन होता.

"आल्हादशेठ, डिझेल सांगितलं ते माझं चुकलं."

आल्हादने फोन खाली केला. "तुमचं? सासरे तर म्हणतात, मिस्त्री चुकत नाहीत."

"सासऱ्यांना सांगा, चुकलो. दिंडोरीतबी सांगा. इंजिन आल्यावर कळलं असतं तर लय वंगाळ झालं असतं."

"मग मोठं पेट्रोल घेऊ?"

"कशाला? अडतीसच्या वर जायचंच नाय म्हणतीया पोरगी. मोठ्याचा वेग नुसता पडून राहील. धाकटंच घ्या आन् बोटीखालचा, पाण्यात फिरणारा पंखा बदला. कमी पिळाच्या पात्याचा. ट्रॅक्टर पहिल्या गिअरला टाकल्यावानी. पळणार कमी, उठणार लवकर. आधी पंखा मागवा, याच इंजिनाला लावून बघू. नऊशे लिटर भरून. रिकामी बोट चालवून मला दाखवू नका."

"आणि इंजिनाची ऑर्डर?"

"पंखा बघितल्यावर. तवर थांबा. आता माझ्या शब्दावर नको."

आल्हादने विक्रेत्याला फोन लावला. डिझेल नको, बाकीचं आठ दिवसांनी कळवतो. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, आल्हाद मात्र "हो, हो, पक्कं," एवढंच म्हणत राहिला.

मिस्त्री तोवर अपूर्वाजवळ पोहोचले होते. ती फळी पुसत होती.

"पोरी, त्या पिशव्या रिकाम्या केल्या तर किती आकडे मोजेपर्यंत माणूस उठंल?"

"तीन, काका. फार तर चार."

मिस्त्रींनी ओला सदरा दगडावर पसरला आणि जाकिटाकडे हात केला.

"कर रिकाम्या."