मांजा आणा, वाण न्या

मावसकाकांचा फोन आला तेव्हा मी कुकटपल्लीला ऑफिसच्या जिन्यात होते. "तुझी मावशी गेली. अगदी शांतपणे गेली," ते म्हणाले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, सुधामावशी आणि शांतपणे? आयुष्यात तिनं कुठलीच गोष्ट शांतपणे केली नव्हती…

हैदराबादेतच, अंबरपेठेत तिचं घर. शाळेत भूगोल शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावर तिला पक्ष्यांचं वेड लागलं. वेडच ते. एकदा आम्ही दिलसुखनगरला साड्या घ्यायला निघालो, तर वाटेत एका कुंपणावर भारद्वाज दिसला. शुभशकुन म्हणून आपण मनातल्या मनात नमस्कार करतो आणि पुढे जातो. मावशीनं भर रहदारीत ऑटो थांबवला, चालकाला खाली उतरवलं आणि त्या पक्ष्याचा लालबुंद डोळा नीट बघायला लावला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी लाजेनं अर्धी झाले, आणि तो चालक मात्र जागचा हलेना.

तिच्या गच्चीसमोर निलगिरीचं उंच झाड आहे. हिवाळ्यात त्यावर घारींची जोडी घरटं बांधते. मावशी त्यांना 'वरच्या मजल्यावरचे भाडेकरू' म्हणायची. हैदराबादेत संक्रांत म्हणजे पतंग. सणाला आकाश रंगीत, आणि पुढे कित्येक दिवस झाडाझाडांवर, तारांवर तो न कुजणारा नायलॉनचा मांजा. एका वर्षी त्यातच पंख अडकून मादी फांदीला लोंबकळत राहिली. शिडी येईपर्यंत ती मेली होती. मावशी काही दिवस धड जेवली नाही. मग उठली ती फर्मान काढूनच. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीनं आपल्या गच्चीवरचा, झाडावरचा मांजा गोळा करून आणायचा. रिकाम्या हाती येईल तिला कुंकू मिळेल, तिळगूळ मिळेल, वाण मिळणार नाही. काका रीतभातीला पक्के. मंगल कार्यात हा कचरा कशाला, म्हणून त्यांनी कुरकुर केली, पण मावशीपुढे कुणाचं काय चालणार!

पहिल्या वर्षी बायका आल्या त्या नव्याकोऱ्या फिरक्या घेऊन! घरी मांजा सापडेना आणि वाणाचा स्टीलचा डबा तर सोडवेना, म्हणून बाजारातून विकत आणलेल्या. मावशी हसून हसून भिंतीला टेकली. "अगं बायांनो, दुकानदाराचा धंदा वाढवायला बोलावलं का मी तुम्हाला?" वाण तिनं सगळ्यांना दिलं. पुढच्या वर्षापासून मात्र नियम कडक झाला, मांज्यात निदान एक वाळलेलं पान अडकलेलं हवं. हळूहळू त्याच बायका आपापल्या घरात बजावू लागल्या, की सुती दोरा असेल तरच पतंग. घारींची नवी जोडीही निलगिरीवर आली.

यंदा मावशी गेली ती संक्रांतीच्या तोंडावर. वर्षभर घरात सण नाही, हळदीकुंकू नाही, काकांनी सांगून टाकलं. रीतच आहे ती. पण काकांना भेटायला जाऊन गच्चीवर गेलं की निलगिरीवर फडफडणारा मांजा दिसायचा आणि त्याच्याजवळच घरट्यात बसलेली घार. आता तो कोण काढणार, या विचारानं जीव खाली-वर व्हायचा. अशा वेळी मला मावशी फार हवी होती.

रथसप्तमीला काका एकटे नकोत म्हणून मी अंबरपेठेला गेले. दारात रांगोळी नव्हती. दुपार कलली आणि बेल वाजली. शेजारची पद्मा, मावशीची जुनी तेलुगू मैत्रीण, हातात मांज्याचा भलामोठा गुंता घेऊन उभी. तिच्या मागे गल्लीतल्या बाकीच्या. यंदा आमच्याकडे काही नाही, काकांनी दारातच सांगितलं.

"मालूम है अंकल," पद्मा म्हणाली. "कुंकुम नक्को, वाण बी नक्को. घार के झाड का बी उतरवाई मैं. किधर रखना, बोलो."

काका बाजूला सरले, आणि स्वतः जाऊन आतून परात घेऊन आले. एकेकजण त्यात आपला गुंता ठेवून बसत गेली. मावशीच्या गोष्टी निघाल्या, हशाही पिकला. परात भरत आली तशी काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "सुधा, चहा टाक गं, सगळ्या आल्यात."

मी उठून आत गेले, "हो, टाकते," म्हणाले आणि आधण ठेवलं.